केबिन बरी की व्हिला: थोरल्या साडूंस खुलासा

वयाने, अनुभवाने आणि व्हिलाच्या मालकीने थोर असलेले साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (म्हणजे मी एका पायाने लंगडतो आहे, कन्येचा पुढचा दात अर्धा राहिला आहे आणि तुमची मेहुणी माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण एकंदरीत ठीक). आपलं पित्त कसं आहे? मागच्या भेटीत आपण कुठल्याशा पावडरीचं कौतुक करत होतात, ती अजून घेता की पित्तालाच तिची सवय झाली? ताईंची तब्येतही विचारणार होतो, पण त्यांची तब्येत विचारायला आमच्या घरात सध्या बंदी आहे. तेव्हा ती उत्तमच असेल असं धरून पुढे जातो.

हल्लीच्या दिवसांत हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं आपल्याला वाटेल. करणार काय? फोन करावा तर ही शेजारी येऊन टॉवेलच्या घड्या घालत उभी राहते (आधी घातलेल्या घड्या मोडून). मेसेज करावा तर तो तुमच्याआधी ताई वाचतात आणि तुमचं उत्तर माझ्याआधी ही वाचते. दोघी बहिणी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत आणि आपण दोघं काय बोलतो यावर मात्र दोघींचं बारीक लक्ष. शिवाय आमच्या सहलीबद्दल आपल्या कानावर भलतंसलतं आलं असणार, म्हणून हा सविस्तर खुलासा.

सुरुवात कुठून झाली ते आपल्यासमोरच घडलं, तरी माझ्या खुर्चीवरून ते कसं दिसलं हे सांगायला हवं. मुलांच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी मिळून थीम पार्कला जायचं आणि सासूबाईंना बरोबर न्यायचं, इथवर सगळं सुरळीत होतं. मग राहायचं कुठे हा प्रश्न निघाला. ताई लोकांची घरं सजवतात आणि ही हॉस्पिटलात मेट्रन आहे. म्हणजे एकीला पडद्याचा रंग चुकलेला खपत नाही आणि दुसरीला चादरीची सुरकुती. आपण आपल्या टाइमशेअर व्हिलाची जाडजूड फाईल उघडलीत आणि वर्षातला एक आठवडा ती कशी ‘आपली’ असते ते समजावून सांगितलंत. (मी विचारलं होतं, घर आपलं की आठवडा आपला? आपण म्हणालात, हक्क आपला. मी मान डोलावली. समजलं अजूनही नाही.) त्यावर ही म्हणाली, बाकीचं वर्षभर ज्या गादीवर कोण कोण लोळतं त्या गादीवर मी झोपणार नाही, पार्कच्या फाटकाशी झाडीतल्या केबिन आहेत, आपण तिथे राहू. ताई म्हणाल्या, तुला गैरसोय मिरवायची हौसच आहे. ही म्हणाली, आणि तुला घर दाखवायची. आपण पित्ताची पावडर शोधायला आत गेलात, मी तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला बाहेर गेलो (त्यातली दोन झाडं कापडाची होती हे नंतर कळलं), आणि आपण दोघं परत येईपर्यंत बोलणं बंद झालेलं होतं. आजही ते बंदच आहे.

मग आपण जायचंच रद्द केलंत आणि आम्ही केबिन घेतली. सासूबाई आमच्याबरोबर आल्या याचं ताईंना फार लागलं असं ऐकतो. त्यांना कृपया सांगा की सासूबाई त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होत्या, एवढंच. तुमच्याकडे असत्या तर त्या तुमच्या गाडीत बसल्या असत्या. त्या जिथे राहतात ते त्यांचं मत नसतं.

आता केबिन. पुस्तिकेतला फोटो आपण पाहिला होतात: तळं, धुकं, लाकडी पायरी आणि कॉफीचा मग धरलेला एक हात. हाताचा मालक फोटोत नाही. तो का नाही हे तिथे गेल्यावर समजलं, तो मावत नव्हता. आत दोन बिछाने खाली, दोन वर, आणि मध्ये एवढी जागा की एकाने कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी निसर्ग बघायला बाहेर जायचं. भिंती लाकडाच्या आहेत असं सांगतात. खात्री करायला मी एक भिंत बोटाने वाजवून पाहिली, तर पलीकडून ‘कोण आहे?’ असा आवाज आला. तळं होतं, पण ते पार्कचं पाणी साठवायचं होतं आणि त्याला जाळी होती. सासूबाईंनी वरचा बिछाना मागितला. का, तर जन्मभर शाळांचे गणवेश शिवत यंत्रापुढे मान खाली घालून बसले, आता जरा वरून बघते. मी शिडी धरली आणि त्या चढल्या. उतरायच्या वेळी मात्र गुडघ्यांनी साफ नकार दिला. शेवटी मी त्यांना खांदा दिला (हे वाचायला वाईट दिसतं, आधार दिला असं वाचावं) आणि त्या सुखरूप उतरल्या. उतरल्या त्या माझ्या डाव्या पायावर. माझ्या लंगडण्याचं कारण हेच. मी रोलर कोस्टरमधून उडी मारली वगैरे जे पसरलं आहे त्यात तथ्य नाही. मी रोलर कोस्टरमध्ये बसलोच नव्हतो.

तेही सांगतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो हे आपण जाणताच. (ताई चार लोकांत माझी ओळख ‘उभ्या वाहतुकीतले तज्ज्ञ’ अशी करून देतात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.) या धंद्यात माणसाचा कान खराब होतो, म्हणजे नको इतका चांगला होतो. रांगेत उभा असताना वर जाणाऱ्या गाडीची साखळी ऐकली आणि माझ्या तोंडून जरा मोठ्याने निघून गेलं, की ह्या साखळीचं काही खरं नाही. पुढचं एक अख्खं कुटुंब रांग सोडून गेलं. मागच्यांनी मला हुंगून पाहिलं. साखळीला काहीही झालं नाही, ती आजही खडखडत लोकांना वर नेते आहे. पण माझी पंचाईत अशी की एकदा जाहीर केल्यावर स्वतः बसणार कसा? सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही पर्स धरा, मी बघून येते.’ ज्यांना आमच्या घराचा जिना चढताना दोनदा टेकावं लागतं त्या बाई डोकं खाली पाय वर अशा लटकून खदखदा हसत होत्या. उतरल्या, तशाच पुन्हा रांगेत गेल्या. नात दमली, लेक दमली, त्या दमेनात. मी खाली तिघींच्या पर्सा, एक फुगा आणि कुणाचं तरी बाळ (त्याची आई म्हणाली, तुम्ही इथेच आहात ना) सांभाळत उभा होतो. परतल्यावर केबिनच्या पायरीवर दाटीवाटीने बसून आम्ही टपरीवरून आणलेला पाव, उकडलेली अंडी आणि चहा घेतला. एकाने हात उचलला की दुसऱ्याचा चहा सांडायचा. खोटं कशाला लिहू, त्या वेळी बरं वाटत होतं. सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘थोरलीला उंचीची भीती नाही वाटत. ती बसली असती माझ्याबरोबर.’ हिने शेवटचं अंडं सोलून त्यांच्या हातावर ठेवलं आणि अंडी संपली.

आता पक्षी. केबिनभोवतीच्या झाडीत पहाटे पक्ष्यांचा असा कल्लोळ सुरू होतो की ते ऐकायला लोक लांबून येतात. हिला वाटलं होतं, वॉर्डातल्या घंटांपासून सुटका म्हणून आपण इथे आलो, जरा उशिरापर्यंत झोपू. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि म्हणाली, ‘बंद कर ते.’ पक्षी कसे बंद करायचे हे मला कुणी शिकवलेलं नाही. तरी हिचा तो आवाज मोठमोठे डॉक्टर ऐकतात, मी कोण? बाहेर गेलो. झाडावर एकही पक्षी नव्हता. आवाज एका दगडातून येत होता. मोठा, शेवाळलेला, पोकळ दगड, आत स्पीकर. (शेवाळही रंगवलेलं. घासून पाहिलं.) मी सुट्टीवर जातानाही स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवतो हा माझा दोष असेल, पण दगडाला स्क्रू असणं हा कुणाचा दोष? मी आपली पाठीमागची तार सोडवली, वाटलं ती तोडण्यापेक्षा दुसऱ्या टोकाला जोडून आवाज कमी करू. पक्षी थांबले. क्षणभर इतकी सुंदर शांतता पसरली की मी डोळे मिटले. आणि मग झाडीतल्या सगळ्याच्या सगळ्या दगडांतून, पार्कच्या मिरवणुकीत वाजतो तो बँड, ढोलासकट, पूर्ण आवाजात सुरू झाला.

लोक जे मिळेल ते पांघरून बाहेर आले. मी हातात दगडाचं झाकण घेऊन उभा होतो, त्यामुळे चौकशीत वेळ गेला नाही. केबिनवाल्यांचा एक व्यवस्थापक होता. हिरवी टोपी, टोपीत पीस, छातीवर पानाचा बिल्ला. आम्ही आपसांत त्याला वनपाल म्हणत असू. तो आला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो हसला. बँडच्या वरताण आवाज काढून म्हणाला, ‘आपल्या कुटुंबाला थोडी जास्त जागा हवी आहे असं दिसतं.’ आणि टोपीतून एक कुपन काढलं. पलीकडच्या टेकडीवर टाइमशेअर व्हिला आहेत (तुमची आहे त्याच), उरलेली सुट्टी तिथे फुकट राहा, फक्त एक छोटीशी माहितीसभा ऐकायची, चहा संपायच्या आत आटपते. ‘व्हिला’ हा शब्द ऐकून हिचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही, आपण तो पावडर शोधायला आत जाता जाता पाहिलेला आहे. पण बँड थांबत नव्हता, शेजारी माझ्याकडे बघत होते, आणि सासूबाईंनी विचारलं, ‘संडास आत आहे का?’ वनपाल म्हणाला, ‘पाच आहेत.’ आम्ही सामान भरलं. भरता भरता हिने मला शपथ घातली की आपण व्हिलात राहिलो हे ताईला मरेपर्यंत कळता कामा नये. म्हणून हे पत्र वाचून झालं की फाडावं.

व्हिला आपल्या परिचयाची असल्यामुळे वर्णन करत नाही, फक्त शंका विचारतो. बैठकीच्या भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचा मोठा फोटो आहे तो कुणाचा? आम्ही सोफ्यावर बसलो की ते आमच्याकडे, पाहुणे कधी उठणार अशा नजरेने बघत. (काढून ठेवावा म्हटलं तर स्क्रूने बसवलेला. हिने माझ्या खिशावर हात ठेवला.) टेबलावरच्या टोपलीतली फळं प्लॅस्टिकची आहेत हे कुठे लिहून ठेवायला काय हरकत होती? कन्येच्या दाताचा उलगडा आपल्याला आता झाला असेल. आणि ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ ही सोय नेमकी कुणाची? केबिनमध्ये चूल नव्हती, म्हणून हिला सुट्टी होती. इथे चार शेगड्या आणि भट्टी बघून हिने उसासा टाकला आणि ओट्याशी उभी राहिली. घरी करायचं तेच, फक्त परक्या पातेल्यात, आणि मीठ कुठे आहे हे न कळता. जागा एवढी की माणसं हरवायची. चहा झाला हे सांगायला ही मला फोन करत होती. कन्या वरच्या कुठल्याशा खोलीत टीव्ही बघत होती, सासूबाई मागच्या व्हरांड्यात, मी पाच संडासांपैकी कुठला मोकळा आहे हे पाहण्यात. (पाचही मोकळे होते. चौघांना पाच म्हणजे रांगेची मजाच गेली.) चहा चौघांनी चार ठिकाणी घेतला.

माहितीसभेला एका गोल टेबलाशी बसवलं. समोरून कोट घातलेला एक गृहस्थ हात पुढे करून आला. मी ओळखलं नाही, हिने ओळखलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘खांदे तुमचेच आहेत, कोट दुसऱ्याचा दिसतो.’ तो वनपाल होता. टोपी काढली की तो विक्री अधिकारी होतो. बिचारा ओशाळला, पण सावरला आणि सुरू झाला. एका तक्त्यावर आमचं आयुष्य रेघ होऊन वर चढत होतं, दुसऱ्यावर व्हिला न घेणाऱ्यांचं घसरत होतं. ही हाताची घडी घालून बसली होती. गाद्या कधी उलटता, उशा कधी धुता, मागच्या पाहुण्याला खरूज असली तर काय करता, असं ती विचारत होती आणि तो प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘आठवणी’ हा शब्द घालत होता. चहा संपला. दुसरा आला, तोही संपला. दार कुठल्या बाजूला होतं ते मी विसरलो. मधेच सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी त्याला कोट काढायला लावला, पर्समधून सुईदोरा काढला आणि खांदा उसवायला घेतला. नुसत्या सदऱ्यात माणसाला फार मोठ्या गोष्टी बोलता येत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याचा आवाज हळूहळू उतरला. तरी पाठ केलेलं सुटेना. तो सासूबाईंकडे वळून म्हणाला, ‘आजी, आठवून सांगा. तुमचं सगळं कुटुंब एका टेबलाशी शेवटचं कधी बसलं होतं?’

त्याला वाटलं असणार, बाई उसासा टाकतील आणि तो पुढचा तक्ता उलटेल. सासूबाईंनी सुई थांबवली आणि खरंच आठवायला लागल्या. मग म्हणाल्या, ‘हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. ह्यांना वरच्या मजल्यावर ठेवलं होतं तेव्हा. दोघी मुली भांडत होत्या.’ तो म्हणाला, ‘कशावरून?’ (हे त्याच्या पाठांतरात नव्हतं. त्याने आपलं म्हणून विचारलं.) सासूबाई म्हणाल्या, ‘घरी जाऊन झोपायचं कुणी यावरून. ही म्हणे तू जा, ती म्हणे तू जा. शेवटी दोघी गेल्या नाहीत. तिथेच खुर्च्या जोडून बसल्या. जावईही होते दोघे. जागा नव्हती पण सगळे मावलो.’ एवढं बोलून त्यांनी दोरा दाताने तोडला. वनपाल तक्ता उलटायचा विसरला. ही उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. मी तिच्यामागे जाणार होतो, पण सासूबाईंनी डोळ्यांनीच खाली बसवलं. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि ती वनपालाला म्हणाली, ‘आम्हाला काही घ्यायचं नाही.’ तो ‘बरं’ म्हणाला. विकणाऱ्या माणसाने नुसतं ‘बरं’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कोट घातला, तो चापून बसला होता. त्याने आरशात पाहून सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि दार कुठे आहे ते आम्हाला दाखवलं.

तर साडूभाऊ, इतका फिरलो, आता केबिन बरी की व्हिला? केबिनमध्ये माणसं इतकी जवळ असतात की एकमेकांचा राग येतो. व्हिलात इतकी लांब असतात की कुणाला राग आला हेच कळत नाही. आम्ही मात्र काहीही विकत न घेता, कुणाच्याही गोड बोलण्याला न भुलता ताठ मानेने परत आलो, एवढं आपण अभिमानाने कुणालाही सांगावं (ताईंना सोडून). पित्त सांभाळा. चिरंजीवांना आशीर्वाद. बाकी सर्व क्षेम.

आपला,
लंगडता पण न विकला गेलेला
धाकटा साडू

ता. क. ‘आम्ही’ काही विकत घेतलं नाही हे अक्षरशः खरं आहे. आम्ही म्हणजे मी आणि ही. सामान गाडीत टाकेपर्यंत सासूबाई ‘सुई विसरले’ म्हणून परत आत गेल्या होत्या. काल वनपालाचा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा कळलं. शिवणाचं दुकान मोडून आलेले पैसे त्यांनी त्यात घातले आहेत. आठवडा तुमचाच, व्हिला तुमच्या शेजारची, व्हरांडा सामाईक. एका टेबलाशी बसायचं, आजारी कुणी नसताना, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सासूबाई, तिथली फळंसुद्धा खोटी असतात. त्या म्हणाल्या, माणसं खरी आणा.

ता. क. दुसरा. मूळ विषय राहिलाच. त्या आठवड्यात तुमचं घर रिकामं असणार. मला लिफ्टचं तातडीचं काम निघेल (ते मी काढीन). आपल्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवाल का? मी काही करणार नाही, फक्त झोपेन (आमच्या घरी झोपलो तर शेजारी हिला कळवतील). खऱ्या कुंड्यांना पाणी घालीन, कापडाच्यांवरची धूळ झटकीन. ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे हे दिसतच असेल). ताई, ह्यांनी पाकिटावर भावोजींच्या ऑफिसचा पत्ता घातला होता, मी बदलून घरचा घातला आहे. त्यांच्या नावाची पाकिटं तू फोडतेस हे मला माहीत आहे. किल्ली कुणालाही देऊ नकोस. उशा येताना घरच्या आण, तिथल्यांची मला खात्री नाही. स्वयंपाक पुरुष करतील. तू माझ्याशी लगेच बोललं पाहिजेस असं नाही, पण आई रोलर कोस्टरवर एकटी बसते आणि मला खालून बघवत नाही. तेव्हा तू ये.

आणि तरीही सांगते, केबिनच बरी होती.